पगारापासून सुरुवात: स्पॅनिश क्रियापद कसे चालवावे

‘पगार’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पोर्तुगीज भाषेतील ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, देणे चुकते करणे. त्या क्रियापदावरून तो आपल्याकडे आला आणि क्रियापदाचे नाम होऊन बसला. हेच क्रियापद त्याच अर्थाने स्पॅनिशमध्येही आहे. मी रेवदंड्याला राहतो आणि संध्याकाळी पाच-सहा जणांना स्पॅनिश शिकवतो. त्यांतील काही जण जहाजावर जाण्याच्या तयारीत आहेत, तर एक-दोघांनी वाडीतल्या खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. बाजारातील बहुतेक पुस्तके ‘आब्लार’ म्हणजे ‘बोलणे’ या क्रियापदापासून आरंभ करतात. मी मात्र पहिल्या दिवशी फळ्यावर ‘पगार’ लिहितो, कारण ज्या गावाच्या कोटात पोर्तुगीज १५२१च्या सुमारास ठाण मांडून बसले आणि १७४०पर्यंत हलले नाहीत, त्या गावात हा शब्द आयता हाताशी असताना दुसरा शोधण्याचे कारण नाही.

आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या माध्यमातून शिकवली जाते आणि माझ्या मते निम्मी अडचण तिथेच निर्माण होते. इंग्रजी क्रियापदाला प्रत्यय फारच थोडे असल्यामुळे ती पुस्तके प्रत्येक प्रत्ययाचा बाऊ करतात. मराठी माणूस ‘देतो, देतोस, देई, देईन, देशील, द्यावेस, दे’ अशी रूपे दिवसभर न अडखळता वापरत असतो. म्हणून पुढची रीत मराठी व्याकरणाच्या आधाराने मांडली आहे, आणि जिथे मराठीची सवयच आडवी येते ती ठिकाणेही दाखवली आहेत.

लेखनाविषयी एक खुलासा आधी करतो. स्पॅनिशमध्ये शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा यावर अर्थ ठरतो, आणि देवनागरीत जोर दाखवण्याची सोय नाही. म्हणून जोराच्या अक्षरानंतर ‘ऽ’ हे चिन्ह घातले आहे. ‘पाऽगो’ म्हणजे ‘मी पैसे देतो’ आणि ‘पागोऽ’ म्हणजे ‘त्याने पैसे दिले’. देणारा वेगळा आणि काळही वेगळा, हे सगळे त्या एका जोरावर अवलंबून आहे. रूपे मनात वाचू नयेत, मोठ्याने म्हणावीत, असा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

धातू आणि गट

मराठीत ‘देणे’मधील ‘णे’ काढला की ‘दे’ हा धातू उरतो. स्पॅनिशमध्ये ‘णे’च्या जागी तीन प्रत्यय येतात: आर, एर आणि ईर. ‘पागाऽर’मधून ‘आर’ काढला की ‘पाग्’ उरतो, ‘कोमेऽर’ म्हणजे खाणे यातून ‘कोम्’, आणि ‘बिबीऽर’ म्हणजे राहणे, जगणे यातून ‘बिब्’. नियमित क्रियापद म्हणजे ज्याचा हा उरलेला धातू कोणत्याही रूपात बदलत नाही ते. सर्वांत जास्त क्रियापदे ‘आर’ गटात आहेत, आणि भाषेत नव्याने येणारी क्रियापदे जवळपास सगळी याच गटात जातात.

गटांच्या बाबतीत आमच्या शेजारचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली ख्रिस्ती घरांत आजही बोलली जाते. त्या बोलीत पोर्तुगीजमधून आलेले आ, ए आणि ई असे तीन गट तर आहेतच, पण मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी ‘उ’चा चौथा गट तिने स्वतः तयार केला. गट म्हणजे काय, हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

वर्तमानकाळ

वहीत सहा ओळी आखाव्यात: मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. स्पॅनिशमध्ये ‘योऽ, तूऽ, एल, नोसोऽत्रोस, बोसोऽत्रोस, एऽयोस’ अशी ही सर्वनामे आहेत. पण मराठीप्रमाणेच रूपावरून कर्ता कळत असल्यामुळे ती बहुधा गाळली जातात. रूपे अशी:

पाऽगो, पाऽगास, पाऽगा, पागाऽमोस, पागाऽइस, पाऽगान.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांनी इथे क्षणभर थांबावे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘स’ आहे; ‘वदसि’मधील ‘सि’ आणि मराठी ‘देतोस’मधील ‘स’ तिचेच नातेवाईक आहेत. चौथ्या ओळीतील ‘मोस’ हा ‘वदामः’मधील ‘मः’च्या घरातला आहे, आणि सहाव्या ओळीतील ‘न’ हा ‘वदन्ति’मधील ‘न्ति’चा लॅटिनमार्गे आलेला अवशेष आहे. ‘तू’साठी स, ‘आम्ही’साठी मोस आणि ‘ते’साठी न एवढे लक्षात ठेवले, तर पुढच्या जवळपास प्रत्येक काळात सहापैकी तीन ओळी आयत्या मिळतात.

‘एर’ आणि ‘ईर’ गटांत ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो: कोऽमो, कोऽमेस, कोऽमे, कोमेऽमोस, कोमेऽइस, कोऽमेन. ‘बिबीर’ही तसेच चालते, फक्त आम्ही आणि तुम्ही यांच्या ओळींत ‘बिबीऽमोस’ आणि ‘बिबीऽस’ असा ‘ई’ दिसतो. वर्तमानात या दोन गटांतील फरक एवढाच.

दोन गोष्टी मराठी माणसाला सोप्या जातात. पहिली, आदर. ‘आपण’साठी ‘उस्तेऽद’ हे सर्वनाम आहे आणि त्याला तिसऱ्या पुरुषाचे रूप लागते, कारण मुळात तो ‘आपली कृपा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग झिजून तयार झालेला आहे. ‘रावसाहेबांनी बसावे’ असे समोरच्यालाच म्हणणाऱ्या भाषेच्या माणसाला यात नवल वाटू नये. दुसरी गोष्ट लिंगाची. ‘देतो’ आणि ‘देते’ असा भेद स्पॅनिश रूपात नाही, म्हणजे तेवढे ओझे कमी. पाचव्या ओळीबद्दल एक व्यावहारिक सल्ला: ‘बोसोत्रोस’ मुख्यतः स्पेनमध्ये चालते. काय्याओ, वाल्पाराइसो किंवा वेराक्रूस अशा लॅटिन अमेरिकेतील बंदरांत उतरणाऱ्याने ती रूपे ओळखण्यापुरती शिकावीत आणि बोलताना सर्वत्र ‘उस्तेदेस’सह सहावी ओळ वापरावी.

दोन भूतकाळ

खरा वेळ इथे द्यावा. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत आणि त्यांतील निवड हीच इंग्रजीतून शिकणाऱ्यांची कायमची डोकेदुखी असते. मराठी माणसाला ती होऊ नये, पण पुस्तक इंग्रजी असल्यामुळे उगीचच होते.

ही दोन वाक्ये पाहावीत. ‘आजोबा दर शनिवारी वाडीतल्या गड्यांचे पैसे देत. एका शनिवारी त्यांनी दिले नाहीत.’ पहिल्या वाक्यातील ‘देत’ हा आपला रीतिभूतकाळ आहे. व्याकरणात त्याला ई-आख्यात म्हणतात: तो देई, ते देत. दुसऱ्या वाक्यातील ‘दिले’ हे ला-आख्यात आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘पागाऽबा’ आणि दुसऱ्याला ‘नो पागोऽ’ म्हणतात. ‘देई’ आणि ‘दिले’ यांतील फरक ज्याला कळतो, त्याला या दोन काळांतील फरक आधीच कळलेला असतो. ‘देत होतो’ हा अपूर्ण भूतकाळही स्पॅनिशमध्ये याच ‘पागाबा’च्या पोटात जातो, म्हणजे मराठीतील दोन रूपांचे काम तिथे एक रूप करते.

रीतीचा भूतकाळ: पागाऽबा, पागाऽबास, पागाऽबा, पागाऽबामोस, पागाऽबाइस, पागाऽबान. ‘एर’ आणि ‘ईर’ या दोन्ही गटांत ‘बा’ऐवजी ‘ईआ’ लागतो: कोमीऽआ, कोमीऽआस आणि पुढे तसेच, बिबीऽआ, बिबीऽआस. पहिली आणि तिसरी ओळ सारखी असते, तेवढी सर्वनामाने स्पष्ट करावी.

घडून गेलेला भूतकाळ: पागेऽ, पागाऽस्ते, पागोऽ, पागाऽमोस, पागाऽस्तेइस, पागाऽरोन. इतर दोन गटांत: कोमीऽ, कोमीऽस्ते, कोमिओऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोमिएऽरोन. ‘तू’च्या ओळीत इथे ‘स’ नाही, हा अपवाद मुद्दाम घोकावा. स्पॅनिश बोलणारेही इतर काळांच्या ओढीने तिथे ‘स’ लावून टाकतात, पण लिहिताना ती चूक समजली जाते. ‘पागामोस’ वर्तमानातही तेच आणि इथेही तेच. अर्थ संदर्भाने घ्यावा.

आता मराठीची सवय कुठे आडवी येते ते पाहू. ‘मी पैसे दिले, त्याने पैसे दिले, आम्ही पैसे दिले’: तिन्ही वाक्यांत क्रियापद तेच, कारण आपल्याकडे भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते. रुपया दिला, चिठ्ठी दिली, पैसे दिले. स्पॅनिशमध्ये कर्म काहीही असो, क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. माझ्याकडच्या एका मुलाने नारळ उतरवणाऱ्या गड्याचा हिशेब सरावासाठी स्पॅनिशमध्ये लिहून आणला होता. त्यात मी दिलेले, वडिलांनी दिलेले आणि दोघांनी मिळून दिलेले पैसे, सगळे ‘पागोऽ’. त्याच्या डोक्यात ‘दिले’ एकच होते, त्यामुळे रूपही एकच आले. मी त्याला प्रत्येक ओळीआधी ‘कोणी?’ असा शब्द लिहायला लावला. दुसऱ्या खेपेला पागेऽ, पागोऽ आणि पागाऽमोस आपापल्या जागी बसले. वर्तमानात आणि भविष्यात ही चूक आपल्याकडून होत नाही, भूतकाळातच होते. म्हणून भूतकाळाचा सराव नेहमी ‘कोणी?’ हा प्रश्न विचारूनच करावा.

भविष्य आणि संकेत

भविष्यकाळ हा सर्वांत सोपा आहे, कारण धातूऐवजी पूर्ण क्रियापदालाच प्रत्यय लागतात आणि तिन्ही गटांचे प्रत्यय एकच: पागारेऽ, पागाराऽस, पागाराऽ, पागारेऽमोस, पागारेऽइस, पागाराऽन. त्याप्रमाणेच कोमेरेऽ आणि बिबिरेऽ. हे प्रत्यय म्हणजे ‘असणे’ या अर्थाच्या साहाय्यक क्रियापदाची झिजलेली रूपे आहेत. ‘मला पैसे देणे आहे’ अशा बोलण्यातून ‘देईन’ तयार व्हावा तसा हा प्रकार आहे. ‘पागारेऽ’ म्हणजे ‘मी पैसे देईन’, आणि स्पॅनिश व्यवहारात वचनचिठ्ठीचे नावही तेच आहे: एल पागारे. कागदावर जे वचन लिहायचे तेच कागदाचे नाव झाले. मराठीत ‘असेल’ जसे अंदाजासाठी वापरतात (‘तो आता घरी असेल’), तसा हा काळ स्पॅनिशमध्येही अंदाजासाठी चालतो.

त्याच पूर्ण क्रियापदाला ‘ईआ’ लावला की ‘देईन’चे ‘दिले असते, देता’ होते: पागारीऽआ, पागारीऽआस, पागारीऽआ, पागारीऽआमोस, पागारीऽआइस, पागारीऽआन. हा आपला संकेतार्थ. याला क्रियापदाचा स्वतंत्र अर्थ मानावे की स्वार्थातीलच (म्हणजे साधे विधान करणाऱ्या रूपांतीलच) एक काळ, यावर वैयाकरणांत जुना वाद आहे. व्हेनेझुएलात जन्मलेले आंद्रेस बेयो यांनी १८४७ साली चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात याला ‘भूतकाळातून पाहिलेले भविष्य’ अशा अर्थाचे नाव दिले आणि काळांतच बसवले. स्पॅनिश अकादमीही आज त्याला स्वार्थातच धरते. शिकणाऱ्याने वादात पडू नये, पण बेयोंची कल्पना ध्यानात ठेवावी, कारण ‘पैसे देईन असे तो म्हणाला’ या वाक्यातील ‘देईन’ला स्पॅनिशमध्ये हेच रूप लागते.

साहाय्यक क्रियापद लावून होणारे काळ मी एका दिवसात उरकतो. ‘पागाऽदो’ (दिलेले), ‘कोमीऽदो’, ‘बिबीऽदो’ ही रूपे घ्यावीत आणि ‘आबेऽर’ हे साहाय्यक क्रियापद मराठीशी जोडून पाठ करावे. ‘एऽ पागाऽदो’ म्हणजे मी दिले आहे, ‘आबीऽआ पागाऽदो’ म्हणजे दिले होते, ‘आब्रेऽ पागाऽदो’ म्हणजे दिले असेन, ‘आब्रीऽआ पागाऽदो’ म्हणजे दिले असते. आहे, होते, असेन, असते: मांडणी हुबेहूब आपली. वर्तमानातील सहा रूपे ‘ए, आस, आ, एऽमोस, आबेऽइस, आन’ अशी आहेत. ‘आबेर’नंतरचा ‘पागादो’ कधीही बदलत नाही. ‘दिला आहे, दिली आहे’ ही सवय इथेही बाजूला ठेवावी.

द्यावे, द्यावेस, देवो

इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे घाम फुटतो. आपल्याकडे विध्यर्थ आहे. ‘तू पैसे द्यावेस अशी माझी इच्छा आहे’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘किएऽरो के पाऽगेस’ असे होते, आणि त्यातील ‘पागेस’ म्हणजे अक्षरशः ‘द्यावेस’, शेवटच्या ‘स’सह. रूपे तयार करण्यासाठी स्वरांची अदलाबदल करावी: ‘आर’ गटाला ‘ए’, आणि ‘एर’ व ‘ईर’ गटांना ‘आ’. पाऽगे, पाऽगेस, पाऽगे, पागेऽमोस, पागेऽइस, पाऽगेन. तसेच कोऽमा, कोऽमास आणि बिऽबा, बिऽबास.

इच्छा, विनंती, शंका आणि हेतू यांच्यानंतर हे रूप येते. ‘पाऽरा के पाऽगेस’ म्हणजे ‘तू पैसे द्यावेस म्हणून’. ‘ओखालाऽ पाऽगे’ म्हणजे ‘देव करो आणि तो पैसे देवो’. हा ‘ओखाला’ अरबीतून आलेला शब्द आहे. एका ठिकाणी मात्र मराठीवर विसंबू नये. ‘तू पैसे देशील तेव्हा’ यात आपण भविष्यकाळ वापरतो, तर स्पॅनिशमध्ये न घडलेल्या गोष्टीच्या ‘तेव्हा’ला हेच रूप लागते: कुआऽन्दो पाऽगेस.

याचे भूतकाळी रूप काढण्याची युक्ती पक्की आहे आणि अनियमित क्रियापदांनाही लागू पडते: ‘त्यांनी दिले’चे रूप ‘पागाऽरोन’ घ्यावे, ‘रोन’ काढावा, ‘रा’ लावावा. पागाऽरा, पागाऽरास, पागाऽरा, पागाऽरामोस, पागाऽराइस, पागाऽरान, तसेच कोमिएऽरा. ‘पागाऽसे’ असे जोडरूपही आहे, पण ते वाचताना ओळखले तरी पुरे. ‘पागाऽरा’ आणि ‘पागाराऽ’ यांच्यातील जोराचा फरक मात्र कानाने पक्का करावा.

हे रूप सर्वांत जास्त लागते ते ‘जर’च्या वाक्यांत, आणि तिथे आपली खास चूक होते. ‘नारळ विकले असते तर तुझे पैसे दिले असते’ यात दोन्ही बाजूंना ‘असते’ येते, म्हणून विद्यार्थी दोन्ही बाजूंना ‘रीआ’ लावतात. ते चुकते. ‘सी’ म्हणजे ‘जर’. त्याच्या बाजूला ‘रा’ येतो आणि दुसऱ्या बाजूला ‘रीआ’ येतो: ‘सी बेन्दिएऽरा लोस कोऽकोस, ते पागारीऽआ’. हे वाक्य आत्ताच्या कल्पनेचे झाले. नारळ खरोखरच विकायचे असतील, तर ‘सी बेऽन्दो लोस कोऽकोस, ते पागारेऽ’. ‘सी’च्या लगेच नंतर ‘रे’ किंवा ‘रीआ’ आला की लाल शाई, एवढा नियम आमच्या वर्गात आहे.

आज्ञार्थ राहिला. ‘दे’ म्हणजे ‘पाऽगा’, वर्तमानातील तिसरी ओळ. आपल्या ‘दे’प्रमाणेच इथे ‘स’ नसतो. ‘आपण द्यावे’ म्हणजे ‘पाऽगे’. स्पेनमधील ‘तुम्ही द्या’ म्हणजे ‘पागाऽद’. नकार आला की ‘दे’चे ‘देऊ नकोस’ होते तसे स्पॅनिशमध्येही रूप बदलते: ‘नो पाऽगेस’. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि आज्ञा ‘पागाऽ’ अशी शेवटी जोर देऊन करतात, एवढे जहाजावर जाणाऱ्यांनी ऐकून ठेवावे.

कोणी आक्षेप घेईल की पागार हे पुरते नियमित नाही, कारण रोमन लिपीत लिहिताना ‘पागे’मध्ये एक जादा यू घालावा लागतो. स्पॅनिशमध्ये ‘जी’ या रोमन अक्षरापुढे ‘ए’ हा स्वर आला तर त्याचा उच्चार घशातल्या ख़सारखा होतो, आणि तो ‘ग’च राहावा म्हणून मध्ये यू येतो. म्हणजे धातू बदलत नाही, तो बदलू नये म्हणून अक्षर बदलते. कानाला क्रियापद नियमितच आहे.

आता पेस्काऽर, म्हणजे मासे धरणे, हे क्रियापद स्वतः चालवून पाहावे. त्याच्याही लेखनात ‘ए’पुढे असाच बदल होतो. पुढील वाक्ये आधी झाकून लिहावीत. ‘काका रोज रात्री मासे धरत’: पेस्काऽबा. ‘काल आम्ही मासे धरले’: पेस्काऽमोस. ‘मी उद्या धरीन’: पेस्कारेऽ. ‘पावसाळ्यात तू मासे धरू नकोस’: नो पेऽस्केस. ‘होडी असती तर धरले असते’ या वाक्यातील दुसरा भाग: पेस्कारीऽआ. पहिल्या भागातील ‘असती’ला लागणारे क्रियापद अनियमित आहे, ते पुढच्या वहीत.